सर्पगंधा: एक मूळ, पन्नास पेशंट आणि मामाचा डबा

नेहमीसारखंच, बोललेलं जरा साफसूफ करून लिहिलंय. 'बघा', 'म्हणजे' यातले अर्धे काढलेत, अर्धे राहू दिलेत.

तर, १२ एप्रिल १९४५. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं वॉर्म स्प्रिंग्ज नावाचं छोटंसं गाव. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट खुर्चीत बसलेत आणि समोर एक चित्रकार बाई त्यांचं पोर्ट्रेट काढतेय. दुपारी जेवणाच्या सुमाराला ते म्हणाले की डोकं भयंकर दुखतंय, आणि कोसळले. डॉक्टरांनी बीपी मोजलं तर ३०० वर १९०. मेंदूत रक्तस्राव झाला होता. त्याच दुपारी ते गेले.

हे अचानक घडलेलं नव्हतं. वर्षभर आधी, मार्च १९४४ मध्ये, त्यांचं बीपी १८६ वर १०८ भरलं होतं. डॉक्टरांना धोका दिसत होता. पण करणार काय? मीठ कमी करा, सिगारेट कमी करा, आराम करा. हृदयासाठी डिजिटॅलिस, झोपेसाठी फिनोबार्बिटल. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाकडे बीपी खाली आणणारी एक साधी भरवशाची गोळी नव्हती. कारण अमेरिकेत ती कुणाकडेच नव्हती.

आणि त्याच काळात आपल्या मुंबईत एक पारशी डॉक्टर आपल्या पेशंटना एका झुडपाच्या मुळाची गोळी देत होता.

आजचा एपिसोड त्या मुळाचा. एका श्रोत्याने विचारलं होतं, "औषधी वनस्पतींवर सायंटिफिक रिसर्च झालाय असं प्रत्येक जाहिरातीत म्हणतात. म्हणजे नक्की काय करतात?" प्रश्न एकदम बरोबर आहे. माझ्या घरातही गेल्या वर्षी या प्रश्नाने बराच गोंधळ घातला, ते शेवटी सांगतो. आधी सर्पगंधा.

सर्पगंधा म्हणजे गुडघ्याएवढं, फार तर कमरेएवढं झुडूप. पांढरी-गुलाबी फुलं, लालसर देठ, पिकल्यावर काळी होणारी छोटी फळं. काम सगळं मुळाचं. मूळ इतकं कडू की एकदा जिभेवर लागलं तर दिवसभर आठवण राहील. मराठीत हिला हरकी असंही नाव आहे. शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. यातले राउवोल्फ म्हणजे सोळाव्या शतकातले एक जर्मन वैद्य. ते अरब मुलुखात हिंडले, पण भारतात कधी आलेच नाहीत. त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्या सन्मानार्थ नाव ठेवलं. झाड आपलं, आडनाव जर्मन. असो.

नावात साप का? कारण साप चावल्यावर हे मूळ द्यायचे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या पुस्तकात सर्पदंशावरच्या एका मुळाबद्दल लिहिलंय. ते मूळ सर्पगंधेचंच, असं बरेच अभ्यासक मानतात. मुंगूस नागाशी लढण्याआधी हे मूळ चघळून येतं, ही गोष्ट तर तुम्ही आजीकडून ऐकली असेल.

पण सर्पदंशावर ही उपयोगी नाही. नावातच जो दावा आहे, तोच टिकला नाही. साप चावला तर थेट दवाखान्यात जाऊन प्रतिविष घ्यायचं. ते घोड्यांच्या रक्तापासून बनतं, आणि परळच्या हाफकिन संस्थेने वर्षानुवर्षं बनवलंय.

आता व्हॉट्सअॅपवर फिरणारं दुसरं वाक्य. 'आपल्या ऋषींना हजारो वर्षांपूर्वी बीपीचं औषध माहीत होतं.' थांबा जरा. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र रिवा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरने आणलं १८९६ साली. त्याआधी हाय बीपी हा आजार म्हणून सहसा कुणी मोजत नव्हतं, भारतात नाही आणि युरोपातही नाही. संहितांमध्ये सर्पगंधा, नाकुली अशी नावं येतात. ती नेमकी आजचीच झाडं का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत.

मग लोकांना खरंच काय माहीत होतं? माझ्या मते जे माहीत होतं ते जास्त भारी आहे. बिहारमध्ये या मुळाला 'पागल की दवा' म्हणायचे. अनावर झालेल्या, रात्र रात्र न झोपणाऱ्या माणसाला या मुळाची पूड दिली की तो शांत होतो, हे तिथल्या साध्या लोकांना ठाऊक होतं. रडक्या बाळाला झोपवायलाही काही आया ती द्यायच्या. हो, बाळाला! ऐकून आज अंगावर काटा येतो. पण बघून बघून मिळवलेलं हे ज्ञान होतं, आणि ते खरं निघालं.

या ज्ञानाला पहिला मोठा धक्का १९३१ मध्ये मिळाला, आणि एकाच वर्षी दोन शहरांत.

कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एका मेडिकल मासिकात लेख लिहिला. सांगणं असं की सर्पगंधेची पूड दिवसातून दोनदा, २० ते ३० ग्रेन, म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम दिली, तर वेडाचे झटके येणारे पेशंट शांत होतात आणि त्यांचं बीपीही उतरतं. हे 'बीपीही उतरतं' महत्त्वाचं. पिढ्यान् पिढ्या हे मूळ देणाऱ्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्याकडे पट्टा नव्हता. जुनं झाड आणि नवं यंत्र पहिल्यांदा एकत्र आलं.

तिकडे दिल्लीत हकीम अजमल खान यांनी एक स्वप्न पाहिलं होतं. युनानी आणि आयुर्वेदिक औषधांचं नीट रसायनशास्त्र व्हावं. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुझ्झमान सिद्दिकी या तरुण केमिस्टला तिब्बिया कॉलेजात संशोधनासाठी बोलावलं. हकीमसाहेब १९२७ च्या डिसेंबरमध्ये वारले, पण काम थांबलं नाही. १९३१ मध्ये सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळातून पाच अल्कलॉइड वेगळी केली. अल्कलॉइड म्हणजे झाडातली नायट्रोजनवाली रसायनं. बहुतेक कडू, बरीचशी जहाल. चहातलं कॅफीन, अफूतलं मॉर्फिन, सिंकोनाच्या सालीतलं क्विनीन ही सगळी त्याच खानदानातली. पाचपैकी तिघांना सिद्दिकींनी हकीमसाहेबांचं नाव दिलं: अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन. अजमलीन आजही वापरात आहे. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा हृदयाचा एक आजार असतो, ठोक्यांची लय अचानक बिघडवणारा. तो लपलेला असेल तर हॉस्पिटलमध्ये अजमलीनचं इंजेक्शन देऊन ईसीजीवर पकडतात. म्हणजे दिल्लीच्या एका हकिमाचं नाव आज युरोपातले डॉक्टर रोज घेतात. (सिद्दिकी पुढे पाकिस्तानात गेले आणि तिथल्या विज्ञान संस्था त्यांनी उभ्या केल्या. त्यांच्यावर एक वेगळा एपिसोड होईल, नक्की.)

पण गंमत अशी की बीपी उतरवणारं मुख्य रसायन या पाचांत नव्हतंच. ते मुळात लपूनच राहिलं. कुठल्या झाडात 'काहीतरी आहे' हे कळणं आणि 'हेच ते' हे कळणं, यात वीस वर्षांचं अंतर असू शकतं.

मधल्या काळात गोळ्या बाजारात आल्या होत्या. हिमालया ड्रग कंपनीने १९३४ मध्ये 'सर्पिना' आणली. कंपनी एक गोष्ट सांगते, की संस्थापकांनी ब्रह्मदेशात बिथरलेल्या हत्तींना हे मूळ चारताना पाहिलं होतं. गोष्ट छान आहे. हत्तींचं बीपी अर्थात कुणी मोजलेलं नाही.

आता मुंबई. डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म मुंबईचा, १९११ चा. शिक्षण लंडनला, परत येऊन केईएममध्ये काम. हृदयरोग हा त्यांचा विषय. साधारण दहा वर्षं ते बीपीच्या पेशंटना सर्पगंधा देत होते. या काळात देशभरातले शेकडो डॉक्टर ती देतच असणार. मग वकीलांनी वेगळं काय केलं?

लिहून ठेवलं, बस. वाढलेल्या बीपीचे ५० पेशंट घेतले. औषधाआधी वरचं बीपी किती, खालचं किती, औषधानंतर किती, त्रास काय झाला. बहुतेकांचं बीपी उतरलेलं दिसलं. १९४९ मध्ये हे सगळं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आलं. आजच्या मापाने ही चाचणी कच्ची आहे. चिठ्ठ्या टाकून पेशंटचे दोन गट पाडायचे, एकाला खरी गोळी, दुसऱ्याला दिसायला सेम पण रिकामी गोळी, असं काही त्यात नव्हतं. ती पद्धत तेव्हा नुकतीच जन्मत होती. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध ब्रिटिश चाचणी १९४८ ची. पण आकड्यांत लिहिलेलं असल्यामुळे जगातला कुठलाही डॉक्टर म्हणू शकत होता, "बघू या, माझ्याकडे जमतंय का." पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवात नेमकी हीच सोय नव्हती.

आणि एकाने तसं म्हटलं. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स. त्यांनी वकीलांचा लेख वाचून भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या पेशंटना दिल्या. बीपी उतरलं. आठवा, तेव्हा अमेरिकेत बीपीवर काय चालायचं: पाठीतल्या नसा कापण्याचं ऑपरेशन, नाहीतर केम्पनर नावाच्या डॉक्टरांचा भाताचा डाएट. नुसता भात, फळं आणि साखर, मीठ शून्य. वरण नाही, लिंबू-मीठ नाही. आपल्याकडे आजारी माणूसही आठ दिवसांत बंड करेल. त्यापुढे रोजची एक गोळी म्हणजे स्वर्गच.

मग सगळं वेगात झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी ते लपलेलं रसायन पकडलं आणि नाव दिलं रेसरपीन. औषध म्हणून ते 'सर्पासिल' नावाने जगभर गेलं. १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी तर ते झाडाशिवाय, प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. केमिस्ट्रीवाले मित्र असतील तर विचारा, त्या कामाबद्दल ते अजूनही भक्तिभावाने बोलतात.

इथे एक आकड्यांची गोष्ट सांगतो, कारण पुढे मामाच्या डब्यात ती लागणार आहे. सुक्या मुळात रेसरपीन असतं साधारण हजारात एक भाग, कधी कमी, कधी जास्त. झाड कुठल्या जमिनीतलं, मूळ कधी खणलं, यावर ते बदलतं. आणि बीपीसाठी रेसरपीनचा डोस किती? दिवसाला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. मिठाच्या एका बारीक कणाच्या आसपास. एवढ्या छोट्या डोसमध्ये 'चमचाभर पूड' हे माप किती धोक्याचं आहे, कल्पना करा. म्हणून कृपा करून कुणी रोपवाटिकेतून सर्पगंधा आणून मूळ उकळू नका.

याच वेळी 'पागल की दवा' हाही भाग खरा ठरत होता. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये पेशंटना सर्पगंधा देऊन निष्कर्ष छापले. किस्सा असा सांगतात की फरक सगळ्यात आधी लक्षात आला तो तिथल्या काचा बसवणाऱ्या माणसाच्या, कारण त्या वॉर्डांत खिडक्या फुटायच्या कमी झाल्या. १९५७ चा लास्कर पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतला वैद्यकातला मोठा सन्मान, ज्यांच्यात वाटला गेला त्यांत क्लाइन होते आणि आपले रुस्तम वकीलही होते.

इथे संपवलं असतं तर फॉरवर्ड करायला मस्त गोष्ट झाली असती. पण रिसर्च इथे संपत नाही, आणि मला इंटरेस्ट वाटतो तो पुढच्याच भागात.

लाखो लोक गोळी घ्यायला लागल्यावर तक्रारी यायला लागल्या. नाक चोंदतं, सुस्ती येते, नाडी मंद होते. आणि काही पेशंट उदास व्हायला लागले. जीव द्यावासा वाटेपर्यंत उदास. बिहारमधल्या माणसाला जे 'शांत होणं' दिसत होतं, त्याचीच ही दुसरी बाजू तर नव्हे? १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत कळलं की रेसरपीन मेंदूतल्या सेरोटोनिनचे साठे रिकामे करतं. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी तोच धागा डोपामिनपर्यंत नेला. १९५७ चा त्यांचा प्रयोग डोळ्यांसमोर आणा. सशांना रेसरपीन दिलं. ससे ढिम्म, कान पडलेले, हालचाल बंद. मग एल-डोपा नावाच्या रसायनाचं इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात ससे उठले, कान ताठ! पुढे कार्लसन यांनी दाखवलं की डोपामिन हे मेंदूचं स्वतःचं निरोप पोचवणारं रसायन आहे आणि ते आटलं की हालचाल आटते. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सवरचा आजचा मुख्य उपचार एल-डोपा आहे, त्याची वाट इथून निघाली. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. आणि हो, एल-डोपा आपल्या खाजकुइलीच्या बियांत भरपूर असतं. ते १९३७ मध्येच दामोदरन आणि रामस्वामी यांनी त्या बियांतून काढलं होतं. तेव्हा ते कशाला उपयोगी पडेल, हे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणजे जे औषध माणसांना उदास करतंय अशी भीती होती, त्या भीतीचा माग काढता काढता मेंदूचं रसायनशास्त्र उलगडलं. नंतरच्या अभ्यासकांनी जुने कागद पुन्हा तपासले तेव्हा उदासीचा संबंध वाटला होता तितका पक्का नाही, असंही पुढे आलं. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एकदम तीन अभ्यास आले की रेसरपीनमुळे स्तनाचा कॅन्सर होतो. खळबळ उडाली. नंतरच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. पण तोवर गोळीची बदनामी झाली होती आणि नवी औषधं आली होती.

जाता जाता तिने एक मोठं काम मात्र करून ठेवलं. साठच्या दशकापर्यंत डॉक्टरांमध्येच वाद होता की बीपी खाली आणून माणूस खरंच वाचतो का. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी माजी सैनिकांवर चाचणी केली. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेले १४३ जण. अर्ध्यांना तीन औषधं एकत्र, त्यातलं एक रेसरपीन. बाकीच्यांना रिकामी गोळी. १९६७ मध्ये निकाल छापला. रिकाम्या गोळीच्या गटात गंभीर दुखणी झाली २७ जणांना. औषधाच्या गटात २ जणांना. बीपीची गोळी 'उगाच' नसते, हे जगाला दाखवणाऱ्या पहिल्या पक्क्या पुराव्यात आपल्या झुडपाचा वाटा आहे.

झुडपाचं काय झालं? मागणी वाढली तशी जंगलं उपसली गेली. या झाडाचं मूळ हवं म्हणजे अख्खं झाड उपटायचं, फांदी छाटून भागत नाही. भारताने कच्च्या मुळांच्या निर्यातीवर बंधनं आणल्यावर कंपन्या आफ्रिकेतल्या राउवोल्फिया व्होमिटोरिया या चुलतबहिणीकडे वळल्या. १९९० पासून आपली सर्पगंधा 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहे. परवान्याशिवाय तिचा परदेशी व्यापार करता येत नाही. त्या सगळ्या कौतुकात मुळं खणून आणणाऱ्या आदिवासींच्या हाती किती पैसे पडले, हे कुठल्या लेखात सापडत नाही. शोधायला हवं.

आणि आज रेसरपीनबद्दल आपल्याला किती माहीत आहे? २०१६ मध्ये कोक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी रिकाम्या गोळीशी तुलना करणाऱ्या नीट चाचण्या शोधल्या. हाती लागल्या ४, पेशंट एकूण २३७. बीपी उतरतं, हे दिसलं. नेमका कोणता डोस सुरक्षित, हे त्यातून ठरवता आलं नाही. ज्या वनस्पतीवर जगात सगळ्यात जास्त काम झालंय त्यातल्या एकीची ही स्थिती. मग जाहिरातीत 'शंभर टक्के सुरक्षित, नैसर्गिक, शास्त्रीय संशोधनाने सिद्ध' असं लिहिलेलं दिसलं की मी लगेच विचारतो: किती पेशंट? किती दिवस? तुलना कशाशी? त्रास किती जणांना झाला? चार प्रश्न, एवढाच 'सायंटिफिक रिसर्च'.

आता मामा. गेल्या वर्षी मामाने बीपीची गोळी बंद केली. 'केमिकल नको' म्हणून कुणाच्या तरी ओळखीने एक चूर्णाचा डबा आणला. डब्यावर झाडाचं चित्र, आत काय आणि किती याचा पत्ता नाही. सुरुवातीला मामा खूश होता, मस्त झोप लागते म्हणाला. मग दिवसाही पेंगायला लागला. मामी म्हणाली, "हे बोलायचेच कमी झालेत रे." आम्हाला वाटलं, रिटायरमेंटचं असेल. मग डबा संपला, नवा आला, आणि तो बहुधा वेगळा असावा, कारण त्या महिन्यात बीपी निघालं १९० वर ११०. आमच्या फॅमिली डॉक्टरबाईंनी ना आरडाओरडा केला, ना आयुर्वेदाला नावं ठेवली. डबा हातात घेऊन फक्त विचारलं, "काका, यात काय आहे आणि किती मिलिग्रॅम?"

मामाकडे उत्तर नव्हतं. आमच्या कुणाकडेच नव्हतं. त्यात सर्पगंधा होती की आणखी काही, हे आजही माहीत नाही.

आता गोळी पुन्हा सुरू आहे, बीपी १३० च्या घरात असतं, आणि मामा एका वहीत रोज सकाळी आकडा लिहितो. वकीलांची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा म्हणाला, "म्हणजे मी एक्कावन्नावा पेशंट." मामीने तो डबा घासून घेतलाय. सध्या त्यात जिरं असतं.

चला, पुढच्या शनिवारी भेटू. तुमच्या घरातल्या डब्यांच्या गोष्टी असतील तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत बसवा.